गाणारी सगळ्यात शेवटी

सकाळी आठपासून मी बैठकीच्या खोलीत वायरी ओढत होतो आणि संध्याकाळी सहाला धाकटीला हॉस्पिटलात भरती करायचं होतं. धाकटी म्हणजे माझी बहीण, आमच्या बँडची गाणारी. तिच्या गळ्यातली गाठ दुसऱ्या दिवशी काढणार होते. आवाजाची नस गाठीला चिकटूनच जाते, आवाज बदलेल, कदाचित जाईलही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिनं रचलेलं एक गाणं आम्ही सात वर्षं वाजवतोय आणि एकदाही धड रेकॉर्ड केलेलं नाही. ते आज व्हायलाच हवं होतं.

सामान बेताचंच. जुना लॅपटॉप, उसने आणलेले दोन माइक आणि माइक लॅपटॉपला जोडायची, दोनच माइक घेणारी एक सेकंडहँड पेटी. चौघांना एकदम रेकॉर्ड करणं शक्य नव्हतं. एकेकानं वाजवायचं, प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा, मग सगळे एकावर एक चढवायचे. क्रम मी कागदावर लिहून दारावर चिकटवला होता. आधी ड्रम, मग बेस, मग माझी गिटार, आवाज सगळ्यात शेवटी. सगळे असंच करतात. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात कामाचा क्रम चुकला की माणूस मरतो.

ड्रमवर टेलरमास्तर. खोली घुमू नये म्हणून त्यांनी दुकानातल्या चिंध्यांची सहा गाठोडी आणून भिंतीला लावली. पण हेडफोनमध्ये ठेक्याची टिकटिक सुरू केली की मास्तर तिच्या पुढे पळायचे.

“ही टिकटिक मागे पडतेय,” ते म्हणाले.

“ते यंत्र आहे, मास्तर. ते मागे पडत नाही.”

“मग अंगणच वाकडं असेल,” जावईबापू म्हणाले. जावईबापू म्हणजे धाकटीचा नवरा. सकाळपासून ते बेस गळ्यात अडकवून नंबर लावून बसले होते.

“तीस वर्षं पायानं मशीन चालवतोय,” मास्तर म्हणाले. “हा पाय माझंच ऐकत नाही, टिकटिकीचं काय ऐकणार?”

अकरा वेळा वाजवून झालं. मग माइकमध्ये घरघर यायला लागली. मी फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, वायरी बदलल्या, पेटी उघडून पुन्हा बंद केली. घाम डोळ्यांत जात होता. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घरघर थांबली. पण बॅटरी चाळीस मिनिटांत मान टाकायची, की पुन्हा तासभर चार्जिंग. दोन वाजले तेव्हा आमच्याकडे दोन कडव्यांचे ड्रम होते, तेही लंगडे.

धाकटी स्वयंपाकघरात गणिताचे पेपर तपासत बसली होती. आवाज जपायचा म्हणून मीच तिला बोलायची बंदी केली होती. ती चिठ्ठ्या पाठवत होती. पहिलीवर लिहिलं होतं, “झालं?” मी खाली लिहिलं, “होतंय.” तिसरीवर फक्त होतं, “दादा, साडेतीन.”

“दादा, माझा नंबर कधी?” जावईबापूंनी विचारलं.

“तुम्हाला कसली घाई? तुमचं काय जातंय?” मी खेकसलो.

त्यांनी गळ्यातल्या बेसचा पट्टा सरळ केला. तिची हॉस्पिटलची बॅग त्यांनीच पहाटे उठून भरली होती. माझी जीभ झडायला हवी होती.

मास्तरांनी काठ्या खाली ठेवल्या. “उद्या माझे हात कोणी कापणार आहे का?”

“म्हणजे?”

“ड्रम मी पुढच्या महिन्यातही वाजवीन. वरातीमागून घोडं कशाला काढतोयस? तिला बोलाव.”

“असं नसतं करत, मास्तर. ठेक्याशिवाय ती कशावर गाणार?”

“आपल्यावर. एरवी कशावर गाते?”

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गुडघ्यांवर बसलो होतो, तसाच बसून राहिलो. चार्जरची घरघर शोधायला मला तीन तास लागत नाहीत. एरवी मी ती पाच मिनिटांत पकडतो. पण वायरी बदलत होतो तोवर तिचा नंबर येत नव्हता, आणि तिचा नंबर आला नाही तोवर उद्याही येत नव्हता. तिचा आवाज जपून ठेवायचा म्हणजे तो जाणार हे कबूल करायचं. मला भीती वाटत होती. सकाळपासून फक्त भीतीच वाटत होती.

बॅटरी सतरा टक्क्यांवर होती. धाकटी येऊन गाठोड्यांच्या मधोमध माइकसमोर उभी राहिली. मास्तर बोटांच्या टोकांनी स्वतःच्या मांडीवर ठेका धरून बसले, आवाज न करता. जावईबापूंच्या बोटांनी तारांना न छेडता सगळे सूर दाबले. मीही कॉर्ड धरत होतो आणि उजवा हात हवेत फिरवत होतो. ती आळीपाळीनं आमच्याकडे बघत गायली.

माझ्या हेडफोनमध्ये ती एकटीच होती. सात वर्षं मी तिला माझ्या गिटारच्या गोंगाटातून ऐकत आलो. दुसऱ्या ओळीच्या मध्ये ती श्वास घेते आणि पुढचा शब्द अगदी हळू म्हणते, हे मला आज कळलं. त्याच जागी मी सर्वांत जोरात वाजवतो.

तिसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटला. माझा हात सवयीनं थांबवायच्या बटणाकडे गेला. मी तो मांडीखाली दाबून ठेवला. ती शेवटपर्यंत गायली.

“फाटला,” ती म्हणाली.

“हो.”

“परत घ्यायचं?”

“नाही. असंच राहू दे.”

जावईबापू भिंतीकडे तोंड करून बेस पिशवीत भरत होते. पिशवीची चेन त्यांना लागत नव्हती.

“ऐकतेस?” मी विचारलं.

“आत्ता नको. चल, उशीर होतोय.”

हॉस्पिटलात खिडकीमागच्या कारकुनानं स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं, “पेशंटचं नाव?” मी तोंड उघडलं. धाकटीनं माझ्या दंडावर हात ठेवला.

“मी सांगते,” ती म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. पूर्ण नाव, आडनावासकट, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या तिच्या वर्गातल्या आवाजात. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कारकुनाला नीट ऐकू आलं होतं, त्यानं नाव टाइपही केलं होतं. तरी तिनं ते पुन्हा एकदा सांगितलं.