आतली कडी

न्हाणीघराच्या दाराला आतून बोटभर रुंदीची एक हिरवी पट्टी होती. बाकीचं दार वाफेने फिकटलं होतं, ही पट्टी मात्र कालच रंगवल्यासारखी. तिच्यात स्क्रूची चार भोकं होती, आणि साबण बसून तीही बुजत आली होती.

पूर्वी तिथे कडी होती. जरीना आत चक्कर येऊन पडली, त्या दिवशी अब्बांनी ती स्वतःच्या हाताने काढली. अब्बांचं, म्हणजे रज्जाकभाईंचं, शनिवार पेठेत कुलपं-कड्यांचं दुकान. अर्धी पेठ त्यांच्या कड्या लावून झोपायची. शेजारच्या कुसुमताई म्हणायच्या, "बरंय, चोराला निदान न्हाणीघर तरी मोकळं."

कडी गेली तसा अम्मीचा नियम आला: आत असेपर्यंत आवाज देत राहायचं. जरीनाला गाता येत नव्हतं. ती रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून मूलद्रव्यं म्हणायची. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. ऐकून ऐकून अम्मीला अठरापर्यंत पाठ झाली होती. जरीना जरा थांबली की बाहेरून आवाज यायचा, "मॅग्नेशियम झालं. पुढे?"

पुढे पुष्कळ काही राहून गेलं होतं. खराडीच्या प्रयोगशाळेतली नोकरी सुटली. भाजीला जायचं तरी सोबत कुणीतरी. कडी परत लावा, एवढं एक वाक्य जरीना दर सोमवारी मनात तयार करायची, आणि अम्मीचा चेहरा पाहून गिळून टाकायची.

नव्या डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पाहिले. हृदय ठणठणीत होतं. उभ्याने, उकाड्यात रक्त पायांत उतरतं, मेंदूला क्षणभर कमी पडतं, एवढंच. आधी कान गुणगुणतात, घाम येतो. तेवढ्यात खाली बसलं तर बहुतेक वेळा निभतं. मग त्यांनी विचारलं, "चक्कर वर्षातून दोन-तीनदा येते म्हणता. उरलेल्या दिवसांत काय करता?" जरीनाच्या आधी अम्मीच म्हणाली, "काही नाही करू देत आम्ही." आपण कौतुकाचं बोलतोय असंच तिला वाटत होतं.

त्याच आठवड्यात, सिलिकॉन म्हणता म्हणता जरीनाचे कान गुणगुणले. ती घाबरली नाही. नळ बंद केला, फरशीवर बसली, गुडघ्यांत डोकं घातलं. अंधारी आली, डोळ्यांशी रेंगाळली आणि निघून गेली. जमलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने चक्कर परतवली होती, आणि ते कुणाला तरी सांगावं म्हणून ती मान वर करते तोच दार धाडकन उघडलं. अम्मी, आणि अम्मीच्या मागे वाटी परत करायला आलेल्या कुसुमताई.

"मी शुद्धीत आहे," जरीना म्हणाली. "दार लावा."

कुसुमताईंनी वाटी तिथेच खाली ठेवली आणि त्या निघून गेल्या.

जरीनाने कपडे घातले, मीठ घालून लिंबूपाणी घेतलं, वेणी नीट घातली. चपला घालताना अम्मीने कुठे म्हणून विचारलं. "दुकानात," ती म्हणाली, आणि सोबतीची वाट न पाहता जिना उतरली. उन्हात चालताना ती शरीराकडे कान लावून होती, ओळखीच्या यंत्राकडे लावावा तसा. सगळं ठीक चाललं होतं.

दुकानात एक गिऱ्हाईक कुलूप हातात घेऊन ते मजबूत आहे ना, म्हणून विचारत होतं. "चोराकडून अजून तक्रार आली नाही," रज्जाकभाई म्हणाले, आणि त्यांना ती दिसली. त्यांनी आधी तिच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. घाईने त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

ती बसली नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत गिऱ्हाइकासारखीच काउंटरशी उभी राहिली. मग मागच्या फळीवर टांगलेल्या पितळी कड्यांकडे तिने बोट केलं.

"अब्बा, ती वीतभर लांबीची द्या. न्हाणीघराला, आतून. स्क्रू माझे मी पिळीन. आणि उद्यापासून आत मी गप्प राहणार आहे."