दोन्हीकडे आवाज

सुकदेव आबांची चाळीस वर्षं धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये गेली. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांचा तो गलका असा, की माणसं एकमेकांशी हातवारे करूनच बोलायची. निवृत्त होऊन आबा आणि ताईबाई जळगावला, मेहरूणमध्ये मुलाकडे राहायला आले. तेव्हा सून रूपाच्या लक्षात आलं, की मागून हाक मारली तर आबा वळत नाहीत.

आबांना ते मुळीच मान्य नव्हतं. "मी बहिरा नही शे. तुम्हीच तोंडातल्या तोंडमा बोलतस," असं ते म्हणायचे. मुलानं, योगेंद्रनं, आणलेलं कानाचं यंत्र त्यांनी दोन दिवसांत कपाटात टाकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तो आवाज घरभर असायचा. रूपा आतल्या खोलीतून दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवायची. एकदा एका मुलीनं काळजीनं विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे भांडण चाललंय का?" ताईबाईंचं डोकं ठणकायचं. संध्याकाळ झाली की त्या शेजारच्या बेबाबाईच्या ओट्यावर जाऊन बसत. आबा एकटेच टीव्हीसमोर.

शेवटी योगेंद्र आणि रूपा गुपचूप दोन भाड्याची घरं पाहून आले. कुणाला सांगितलं नव्हतं. पण एका सकाळी मेथी निवडताना ताईबाई मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही दोन्ही जा. आम्ही राहसूत आठे."

त्या दिवशी रूपाच्या हातून भाजीत दोनदा मीठ पडलं.

योगेंद्रनं मग होम थिएटर घ्यायचं काढलं. "आवाज स्वच्छ असला, की आबांना कमी आवाजातही समजेल," तो म्हणाला. रूपाला ते पटलं नाही. आधी त्यांनी टीव्हीला हेडफोन जोडून पाहिले होते. आबांना छान ऐकू आलं, पण बाकीच्यांसाठी टीव्ही मुका झाला. दहा मिनिटांत आबांनी हेडफोन काढून ठेवले. "मी एकलाच ऐकू का?" एवढंच म्हणाले होते. ते वाक्य रूपाच्या मनात राहिलं होतं.

रविवारी सकाळी योगेंद्र, रूपा आणि आबा दुकानात गेले. दुकानदार चंदननं सगळ्यात मोठा रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणारा डबा, पुढे ओढला. नऊ स्पीकर चालतात, भिंती हादरतात, असं सांगून त्यानं तो लावून दाखवला. योगेंद्रचा चेहरा खुलला.

"भाऊ, एक विचारू?" रूपा म्हणाली. "याला हेडफोन जोडले, तर स्पीकर बंद पडतात का?"

चंदन थांबला. "असं कोणी विचारत नाही, ताई." त्यानं ब्लूटूथवरचे, बिनतारी हेडफोन जोडले. भिंती हादरवणारे स्पीकर एकदम गप्प झाले.

"मग हा नको."

"अगं, पण आवाज बघ ना याचा," योगेंद्र म्हणाला.

"अहो, आवाज घरात आहेच की. तो कमी करायला आलोय आपण."

दुसऱ्या रिसीव्हरचंही तेच झालं. आबा स्टुलावर बसून छताकडे पाहत होते. आपल्यासाठी हे चाललंय हे त्यांना कळत होतं आणि आवडत नव्हतं. रूपाचा धीर सुटत चालला. तरी तिनं खालच्या फळीवरच्या एका मध्यम रिसीव्हरकडे बोट दाखवलं. तो कुणी मागत नसावं. चंदननं त्याला हेडफोन जोडले, आणि यातही स्पीकर गप्प झाले.

"थांबा," तो म्हणाला आणि रिमोट घेऊन पडद्यावरची यादी उघडत गेला. एका कोपऱ्यात ओळ होती: ब्लूटूथ आणि स्पीकर, दोन्ही. त्यानं बटण दाबलं.

स्पीकरमधून बातम्या ऐकू येऊ लागल्या. चंदननं त्यांचा आवाज पार हळू केला आणि हेडफोन आबांच्या कानांवर चढवून त्यांचा आवाज वेगळा वाढवला. आबा ताठ बसले.

रूपानं खुणेनं विचारलं, बातम्या देणारी काय सांगतेय?

"हतनूर धरणना चार दरवाजा उघडात!" आबा इतक्या मोठ्यानं ओरडले, की दारातलं गिऱ्हाईक दचकलं.

चंदन प्रामाणिक होता. त्यानं हेडफोन बाजूला करून आबांच्या कानाशी सांगितलं, "आबा, यात आवाज जरासा मागून येतो हं. अर्धा सेकंद."

"अरे, तीन वरीस काहीच ऐकू उनं नही," आबा म्हणाले, "अर्धा सेकंदनं काय घेऊन बसनात!"

योगेंद्रनं रूपाकडे पाहिलं. ऐकू येत नव्हतं, असं आबांच्या तोंडून दोघं पहिल्यांदाच ऐकत होते. आबांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी हेडफोन पुन्हा कानांवर ओढले आणि बातम्या पाहू लागले.

रिसीव्हर बांधून होईपर्यंत योगेंद्र दुकानाच्या पायरीवर फोन करत होता. "नाही, घर नको आता. हो, नक्की." रूपानं ते ऐकलं आणि तिच्या छातीवरून पाटा उचलल्यासारखं झालं.

संध्याकाळी तिनं शिकवणी घेतली. तासभर कुणी भांडणाचं विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा योगेंद्र सोफ्यावरच झोपला होता, इतका आवाज हळू होता. ताईबाई आज ओट्यावर गेल्या नव्हत्या. त्या आबांच्या शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. टीव्हीवर विनोदाचा कार्यक्रम होता. दोघं हसत होते, आबा जरा मागून.

ताईबाई सवयीनं काहीतरी पुटपुटल्या. आबांनी एका कानावरचा हेडफोन उचलला आणि त्यांच्याकडे वाकले.

"काय म्हनस?"

"काही नही," ताईबाई त्यांच्या हातावर चार शेंगा ठेवत म्हणाल्या. "पाहा."