साफ केलेल्या प्रती

“काका, टकटक ऐकू आल्यावर परत किती वेळा लावून पाहिलीत?”

दुरुस्तीवाल्या बाईंनी विचारलं, तसे रेकॉर्डिस्टकाका टेबलावरच्या हार्ड डिस्ककडे बघत राहिले. ‘ड्राइव्ह कुरकुरली की हात लावू नका’ असं जन्मभर लोकांना बजावणारा हा माणूस. आता कोणत्या तोंडाने सांगणार?

“चार-पाचदा,” सोबत आलेल्या लेकीनेच सांगून टाकलं. “मी नको म्हणत होते.”

“बरं. आतला वाचणारा भाग बदलून बघते. पण चकतीवर ओरखडे असले तर सगळं हाती लागायचं नाही. कामाचं आधी काय काढू?”

“कामाचं सगळं आहे. दोन ठिकाणी आहे.”

बाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “मग यात काय आहे?”

“कचरा,” काका सवयीने बोलून गेले. मग ओशाळले. “म्हणजे... हिची आई आहे त्यात.”

काका बोलकी पुस्तकं ध्वनिमुद्रित करत. घरातलीच एक खोली, भिंतींना जाड रजया ठोकलेल्या. वाचणारे तिथे येऊन वाचत, काका यंत्रापाशी बसत आणि बायको शेजारच्या स्टुलावर. पान पुकारायचं काम तिचं. “पान बारा, पुन्हा एकदा,” असं ती ठणकावून सांगायची. मध्येच वाचणाऱ्यालाच दटावायची, “घसा बसलाय तुमचा, आधी पाणी प्या.” संध्याकाळी काका हे सगळं कापून टाकत. साफ झालेल्या पुस्तकाची आणखी एक प्रत लेकीच्या घरी जाई, कारण आग लागो की चोर येवो, काम बुडता कामा नये. न कापलेलं तेवढं या एका ड्राइव्हवर पडून राहिलं. पुस्तक हातावेगळं झाल्यावर त्या पसाऱ्याची प्रत कोण करत बसतो?

बायको गेली तेव्हा काकांनी ती ड्राइव्ह कपाटात ठेवली, तिच्या चष्म्याशेजारी. ऐकायचा धीर त्यांना कधी झाला नाही. आवाज घरात आहे, एवढ्यावर त्यांचं भागत होतं. परवा लेक माहेरी आली आणि म्हणाली, “बाबा, आज आईला ऐकू या ना.” काकांनी मोठ्या हौसेने ड्राइव्ह जोडली आणि ती नुसती टकटकत राहिली.

आठवड्याने बाईंचा फोन आला. बापलेक दुकानात पोचले, तेव्हा बाईंचा चेहरा पडलेला होता.

“एकच फाइल धड निघाली, काका. ‘शांतता’ नावाची. पण तिच्यात काहीच नाहीये हो. मी दोनदा ऐकली.”

काकांनी खुर्ची पुढे ओढली. ती फाइल काय आहे, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. काम संपलं की सगळ्यांनी गप्प बसायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज थोडा वेळ भरून घ्यायचा, ही त्यांची रोजची रीत. कापलेल्या जागी तोच तुकडा ठिगळासारखा लावायचा. बायकोचा जीव तेवढ्यातही कासावीस व्हायचा. “झालं का?” असं विचारायला तिने तोंड उघडलं रे उघडलं, की काका झटकन बटण दाबून मोकळे.

त्यांनी हेडफोन उचलला. एका बाजूला स्वतःचा कान लावला, दुसऱ्या बाजूला लेकीचा.

“काही ऐकूच येत नाहीये, बाबा.”

“थांब जरा.”

स्टूल किंचित करकरलं. चष्म्याची काडी मिटल्याचा बारीक आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. शेवटी कुणीतरी बोलण्यासाठी श्वास आत घेतला आणि फाइल संपली.

लेकीने त्यांचा हात धरला. “पुढे?”

“पुढे मी बंद केलं,” काका म्हणाले. त्यांना रडू आवरेना. “रोज असंच बंद करायचो गं मी.”

बाईंनी विचारलं, “मागे खरखर आहे थोडी. साफ करून देऊ?”

“नको. आहे तशीच द्या. दोन प्रती करा.”

बाई प्रती करायला वळल्या. काकांनी फाइल पुन्हा लावली आणि डोळे मिटले. या वेळी तो श्वास आला, तसे ते हळूच म्हणाले,

“झालं. बोल आता.”