निळा पाट

नावं ठेवण्यात आमच्या गावच्या बायांचा हात अख्ख्या मोहाडी तालुक्यात कोणी धरणार नाही. नव्या सुनेची चाल, शेजारणीचं वरण, माझे कापलेले केस, काही म्हणता काही सुटलेलं नाही. आणि नेमक्या याच बाया माझ्या पाटाला नावं ठेवायला तयार नव्हत्या.

पाट म्हणजे भाताची रोपं रोवताना चिखलात बसून मागे सरकायचं आसन. पुण्यातल्या एका कंपनीत मी अशा वस्तूंचं डिझाइन करते. माझी आई वच्छला तीस वर्षं वाकून धान रोवत आली, आणि आता संध्याकाळी भिंत धरल्याशिवाय सरळ उभी राहत नाही. म्हणून हा पाट. सोमवारी कंपनी त्याचा साचा करायला टाकणार होती. एकदा साचा झाला की खोट कायमची. त्याआधी मला बायांकडून पाटाच्या चुका हव्या होत्या. "रुचिता, नुसतं कौतुक आणलंस तर मी अहवाल उघडणारसुद्धा नाही," असं साहेबांनी फोनवर बजावलं होतं.

तीन दिवस मला काय मिळालं? कौतुक.

"मस्त हाय व पोरी," सुंदरबाई म्हणाली. "एकदम बढिया," ललिताबाई म्हणाली. पहिल्या दिवशी बेबीमावशी तेवढी बोलली, "जरासा जड वाटते." तिला मी नीट समजावलं. वजन फक्त अडीच किलो, दांडी अशी धरायची, सवय झाली की जाणवत नाही. चांगली वीस मिनिटं, चित्र काढून समजावलं. "बरोबर हाय तुहं," ती म्हणाली. त्यानंतर सगळ्या खुश. आणि मी पाठ फिरवली की पाट धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पडलेला, आणि बाया वाकलेल्या! मी हात जोडले, ओरडले, "मावशी, काहीतरी वाईट सांगा ना!" त्या हसल्या आणि जेवणाचे डबे उघडून बसल्या.

चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. त्याच पाटाला निळा रंग मारला आणि बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, नेऊन सांगितलं, "हा माझा नाही. दुसऱ्या कंपनीच्या साहेबाचा आहे. मी फक्त लिहून नेणार."

मग काय, तोंडं सुटली.

"बनवणारा कधी चिखलात उतरला हाय का?"

"बांध्या इतल्याशा. घडी घडी धुरा येते. हरेक वेळी चिखलानं भरलेला पाट उचला, कंबर तं तिथंच मोडते!"

"साऱ्या बाया सरकून जातेत, पाटवाली एकटी चिखलात फसून रायते."

"त्याच्या बायकोले बसवा म्हणा त्याच्यावर!"

मी मान खाली घालून लिहीत होते. कान तापले होते. पाट मी तपासला होता एका कृषी महाविद्यालयाच्या लांबलचक सपाट शेतात. धुऱ्यांवर खेळून मोठी झालेली मी, आणि धुराच विसरले होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण मग सुंदरबाईही "जड, जड" करायला लागली आणि मला राहवलं नाही.

"अहो पण वजन अडीच किलोच आहे! दांडी नीट धरली तर..."

"घ्या," बेबीमावशी म्हणाली. "झाली सुरू."

दांडी दाखवायला उचललेला हात मी खाली घेतला.

"तुहाच पाट हाय, मालूम हाय आमाले," ती म्हणाली. "खालचा वाकडा खिळा तसाच हाय."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं ना, पहिल्याच दिवशी. पण तू आयकून नाही रायली, शिकवून रायली होती. आज दुसऱ्याचा म्हणून गुमान लिवून घेतलं."

मला राग आला. तिचं खरं होतं म्हणून जास्तच आला.

ओळीच्या टोकाला आई होती, कधीची न बोलता रोवत असलेली. "आई, तुझं काय?" मी चिडून विचारलं. "तू तर बसलीसुद्धा नाहीस."

"बसली होती," आई म्हणाली. "तू बेबीले दांडी समजावून रायली होती, तवाच. बसता येते, बाई. उठता येत नाही."

दांडीला धरून कसं उठायचं ते सांगायला मी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि तिचं वाक्य लिहून घेतलं.