वैशाखातली पाण्याची कमान

वैशाखाचा माळ. ताम्रवर्ण, तृणहीन, तृषार्त माळ. वर तापलेल्या आकाशाचं निर्मम निळेपण, खाली मुरमाड भूमीचं मौन, आणि दोहोंच्या मधोमध थरथरणारं, झळाळणारं, फसवं मृगजळ. त्या मृगजळात एक लांबच लांब काळीशार रेघ निजलेली होती. तिला धावपट्टी म्हणत. तिच्यावरून धावायला कुणी नव्हतं हो, नाव मात्र धावपट्टी.

एके काळी इथे रोज सकाळी विमान उतरायचं. श्वेतपंख, सूर्यस्नात, गर्जत यायचं. मग ते दिवसाआड येऊ लागलं, मग आठवड्यातून एकदा, आणि मग एका आश्विनात ते आलंच नाही. का आलं नाही याची कारणं पुढाऱ्यांनी सभेत वेगवेगळी सांगितली. माळाला मात्र कुणी काही सांगितलं नाही.

माळावरची ती काचेची इमारत आता नुसती उन्हं साठवत बसे. आतल्या खुर्च्या रांगेनं बसलेल्या, सामानाचा पट्टा थिजलेला, कँटीनला कुलूप. पेडगावकर मॅडम तिथल्या मुख्य. त्या रोज येत, पंखा लावत, वरच्या कचेरीला फोन करून विचारत, आणि वरची कचेरी रोज म्हणे, बघू. या 'बघू'वर अख्खा विमानतळ तग धरून होता.

आणि होता त्रिंबक. विमानतळाच्या बंबावरचा प्रमुख, आग विझवणारा माणूस. पण गावाला लांबलचक पदव्यांशी काय देणंघेणं? रोहिणवाडीनं त्याला सरळ 'आगवाले अण्णा' करून टाकलं. आग इथे कधी लागली नाही. लागलीच तर असावा, म्हणून तो होता.

रोज पहाटे अरुणरंगात माळ न्हात असताना तो बंबाचं दार उघडी. लाल, भव्य, महाकाय बंब. दुसरा होता तो केव्हाच मोठ्या शहरी नेला. त्रिंबक याचं तोंड पुशी, नळ्या तपासी, टाकीतलं पाणी बघी. लतीफ ड्रायव्हर येऊन इंजिन सुरू करी, आणि कुणीही न येणाऱ्या धावपट्टीवरून दोघं एक चक्कर मारून परत येत. एवढं झालं की दिवस संपला. बाकीचा दिवस नुसता जायचा.

क्वार्टरमध्ये तो एकटा. बायको जाऊन वर्षं लोटली. एकट्यापुरती भाकरी थापायची, एकट्यानं खायची, एकट्यानं ताट घासायचं. एकट्याच्या स्वयंपाकाला चव नसते, मीठ कितीही घाला.

लेक केतकी हैदराबादला. विमान होतं तेव्हा रविवारी सकाळी तासाभरात अंगणात असायची. संध्याकाळी परत जायची. जाताना तो बंबापाशी उभा राहून हात हलवी, ती खिडकीतून हलवत असेल असं धरून चाले. मग विमान थांबलं, आणि त्याच वर्षी तिचं बाळंतपण अवघड गेलं. पाठीला कायमचं दुखणं जडलं. रात्रभराचा हादऱ्यांचा रस्ता करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. रेल्वे या माळाकडे फिरकत नाही. नात झाली, जुई तिचं नाव. तिला दात आले, ती चालू लागली, बोलू लागली. त्रिंबकानं ते सगळं हातभर अंतरावरच्या फोनच्या काचेत पाहिलं.

तो स्वतः का गेला नाही? गेला असता हो. पण रजा मागितली की वरून एकच उत्तर: बदली माणूस नाही. आणि बंबावर माणूस नसला की विमानतळ कागदावरसुद्धा विमानतळ राहत नाही. एकदा कुलूप लागलं की लेकीची वाटच मिटली. म्हणून तो तिथेच राहिला, तिच्यासाठीच, तिच्यापासून लांब.

अशात एक दिवस मॅडमचा पंखा सुरू होण्याआधीच फोन वाजला. एक विमान कंपनी चाचणीसाठी छोटं विमान पाठवणार होती. हैदराबादहूनच. सगळं ठीकठाक वाटलं तर दसऱ्यापासून सेवा सुरू. नाही वाटलं तर? मॅडमनी नाही वाटलं तर काय, ते सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

केतकीला कळलं तेव्हा ती फोनवर रडलीच. पहिल्याच विमानानं आम्ही दोघी येणार म्हणाली. जुईला तिनं शिकवून ठेवलं, विमान कुठे जातं? आणि ती इवली पोर काचेवर बोट ठेवून म्हणे, आजोबांकडे.

मग काय विचारता! माळाला जाग आली. खुर्च्या पुसल्या गेल्या, धावपट्टीच्या कडेचं काटेरी गवत निघालं, फिकटलेला वातकोश बदलला, आणि नवा केशरी कापडी बोगदा वाऱ्यानं फुगून वारा कुठला ते सांगू लागला. लतीफनं बंबाला असं चकचकीत केलं की त्यात तोंड पाहून भांग पाडावा.

पाण्याचं तेवढं अवघड होतं. विमानतळाची बोअर चैत्रातच आटली होती. टाकीत होतं तेवढंच पाणी, काठोकाठ भरलेलं, जपलेलं. आणि नियम असा, बंबात पाणी नसेल तर विमान जागचं हलायचं नाही. उडताना आग लागली तर विझवायची कशानं?

आता या विमानवाल्या लोकांची एक रीत आहे. नव्या विमानतळावर पहिलं विमान आलं की बंबातून त्याच्यावर पाण्याची कमान धरायची. त्रिंबकाला ही रीत जगावेगळी कधी वाटलीच नाही. त्याच्या गावी जावई येवो, नवी सून येवो, माहेरवाशीण येवो, उंबऱ्यावर आधी पायांवर तांब्याभर पाणी. कोरड्या पायांनी कुणाला घरात घ्यायचं नाही. पहिल्या विमानाच्या वेळी दोन बंबांनी दोन्हीकडून कमान धरली होती, आणि अख्खी रोहिणवाडी कुंपणापलीकडून टाळ्या वाजवत होती.

या वेळी मात्र मॅडमनी बजावलं. अण्णा, कमान नको. हात जोडून स्वागत करू. त्रिंबकानं मान हलवली. पाण्याची किंमत त्याला कुणी शिकवावी असं नव्हतं.

ठरल्या दिवशी उन्हं कलली. पश्चिमेचा सुवर्णधूसर प्रकाश माळावर पसरला. आणि आग्नेयेच्या निळाईत एक ठिपका उमटला. ठिपक्याचं पाखरू झालं, पाखराचं विमान झालं. आवाज आला, गंभीर, घनगर्भ, दोन वर्षं न ऐकलेला आवाज. कुंपणापलीकडे पोरं नाचू लागली. चाकं टेकली. धुळीचा सोनेरी पदर मागे उडाला. विमान वळलं, आणि हळूहळू, लाजत आल्यासारखं, इमारतीकडे येऊ लागलं.

बंबाच्या माथ्यावर पाण्याच्या तोफेपाशी त्रिंबक उभा होता. त्याला काय झालं, देव जाणे. त्याची नजर त्या गोल खिडक्यांच्या रांगेवर खिळली, आणि हात आपोआप चालला.

पाणी सुटलं. शुभ्र, उत्तुंग, वेगवान पाणी आभाळात चढलं, वळलं, आणि तृषार्त माळावर कमान होऊन झुकलं. कलत्या उन्हानं त्यात सातही रंग भरले. तुषारांत न्हालेलं विमान त्या इंद्रधनूखालून सरकलं. लतीफ खालून ओरडत होता, ते त्रिंबकाच्या कानावर जात होतं, पण पोचत नव्हतं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते सगळंच बंबातलं नव्हतं.

मग तोफ खोकली. दोनदा फुरफुरली. टाकी रिकामी झाली.

पुढचं काय सांगावं? विमानातून कंपनीचे साहेब उतरले, वैमानिक उतरले, त्यांनी फोटो काढले, हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी इमारतीमागे नेऊन त्रिंबकाला एवढंच विचारलं, "का केलंत?" त्याच्याकडे उत्तर होतं. पण तो नुसती भिजलेली बाही पिळत राहिला.

सूर्य उतरू लागला. धावपट्टीचे दिवे केव्हाच बिघडलेले, म्हणजे सूर्यास्ताच्या आत उडालं तर उडालं. शहरातला टँकर यायला रात्र झाली असती. साहेबांचं हसू हळूहळू मावळलं. ते पुन्हा पुन्हा घड्याळ बघत, पुन्हा पुन्हा बंबाकडे बघत. ज्या विमानतळाला स्वतःचा बंब भरता येत नाही, तिथे माणसं कुणाच्या भरवशावर उतरवायची, असं काहीसं ते फोनवर इंग्रजीत बोलले. त्रिंबकाला इंग्रजी बेतानंच येई. पण एवढं कळायला भाषा लागत नाही.

तो बंबाच्या पायरीवर बसला. आपल्या हातांकडे बघत राहिला. दोन वर्षं ज्या वाटेची राखण केली, ती वाट याच हातांनी बुजवली. असल्या वेळी धरणी पोटात घेईल तर बरं, पण धरणी कधी वेळेवर ऐकते का?

कुंपणाशी उभ्या असलेल्या पोरांनी बातमी गावात नेली. रोहिणवाडीत त्याच वेळी सरकारी टँकर शिरत होता. दिवसाआड येणारा, ज्याचं पाणी अख्खं गाव पितं, तो टँकर. घागरींच्या रांगा लागलेल्या. सोजरबाई गावच्या सरपंच, ज्यांची चार एकर काळी जमीन धावपट्टीखाली गेली, त्या टँकरपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, वळीव.

धूळ उडवत टँकर फाटकातून आत आला. आणि त्याच्या मागून बाया आल्या, डोक्यावर रिकाम्या घागरी, संध्याप्रकाशात पितळ उजळलेलं, पावलं अनवाणी, चेहरे गंभीर. त्रिंबक धडपडत उठला. हे पाणी नको म्हणाला. तुमच्या लेकरांच्या तोंडचं पाणी आहे म्हणाला.

सोजरबाईंनी पदर खोचला. "पाव्हणं दारात अडकून पडलंय, आन् पानी न्हाई म्हनायचं व्हय? गावाची शोभा हुईल. लावा नळी."

नळी लागली. टँकरमधून बंबात पाणी उतरू लागलं, आणि कितीतरी वेळ माळावर तेवढाच एक आवाज होता. उरलं तेवढं तळाचं पाणी बायांनी वाटून घेतलं, घागरी अर्ध्यासुद्धा भरल्या नाहीत.

बंब भरला. लतीफनं तो धावपट्टीच्या कडेला नेऊन उभा केला, आणि विमान मावळतीच्या तांबूस, विरत्या प्रकाशात उडालं. जाताना साहेब सोजरबाईंपुढे हात जोडून उभे राहिले. मॅडमनी विचारलं, तेव्हा जमिनीकडे बघत म्हणाले, कळवू. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. आधी 'बघू' होतं, आता 'कळवू' झालं.

बाया गेल्या. मॅडम गेल्या, जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लतीफही गेला. आणि मग फोन वाजला.

केतकी उतावीळ झाली होती. विमान पोचलं का, परत आलं का, कसं झालं, काय म्हणाले? त्रिंबकानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आटलेली बोअर, कमान, रिकामी टाकी, गावाचं पाणी, साहेबांचं 'कळवू'.

"पण अण्णा, मॅडम नको म्हणाल्या होत्या ना? मग का सोडलंत पाणी?"

मॅडमना न दिलेलं उत्तर त्यानं आता दिलं. अगदी हळू.

"खिडक्या दिसल्या गं. मला वाटलं, तूच आलीस."

फोन दोघांनीही ठेवला नाही. तिकडे दूर कुठेतरी जुई खेळत होती, तिचं बडबडणं ऐकू येत होतं, आणि तो ते ऐकत धावपट्टीवर उभा राहिला.

जिथे कमान पडली होती, तिथे डांबराच्या खळग्यात थोडं पाणी उरलं होतं. उथळ, आरक्त, आभाळानं भरलेलं. माळावरची तहानलेली पाखरं एकेक करून उतरत होती. चंडोल आले, माळटिटव्या आल्या, पारव्यांची एक जोडी आली. चोची बुडत होत्या, माना वर होत होत्या, पाण्यातलं आभाळ थरथरून पुन्हा निवत होतं. तो हलला नाही. काळोख उतरत गेला, पाणी कमी होत गेलं, आणि पाखरं पीत राहिली.