सोप्यातल्या शाळेचं दुसरं वर्ष

मे संपत आला तशी संयोगितानं घराच्या सोप्यातली शाळा नव्या वर्षासाठी मांडायला घेतली. पाटणच्या बाजारातून आणलेले पांढरे कार्डशीट, मोजपात्रं, थर्मामीटर, बियांच्या पुड्या, सगळं दोन खोक्यांत वाटलं. एकावर मुलाचं, ऋषिराजचं नाव, दुसऱ्यावर धाकट्या अंकिताचं.

गेल्या वर्षी ऋषिराज वर्गात बोलेनासा झाला होता. तो अडखळायचा आणि पोरं त्याची नक्कल करायची. पूर्वी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या संयोगितानं त्याला शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं. नवरा उदयसिंह जैसलमेरला फौजेत. फोनवर तो एवढंच म्हणाला, "तुला बरं वाटतं ते कर." वर्षभरात ऋषिराज घरात मोठ्यानं वाचू लागला. त्यामुळे यंदा पहिलीच्या वयाच्या अंकितालाही घरीच शिकवायचं, हे तिनं ठरवून टाकलं. हिच्या वाट्याला ते येऊच द्यायचं नाही.

दुपारी गावच्या प्राथमिक शाळेतल्या रेश्माबाई नव्या मुलांची नावं घेत दारात आल्या.

"वहिनी, अंकिताचं नाव लिहू ना? पहिल्या दिवशी सगळ्यांना बैलगाडीतून मिरवत नेणार आहोत."

"नको. ती घरीच शिकेल."

"आवं बाई, बसा तरी," सासूबाई बनुबाई जोत्यावरून म्हणाल्या. "ह्या शाळंत मी बी हाय. काल मला चुलीवरच्या पाण्यात थर्मामीटर धराय लावलं. च्या ऱ्हायला बाजूला!"

रेश्माबाई हसल्या. संयोगिता चहा ठेवायला आत गेली.

परत आली तर अंकिता कार्डशीटवर उभी. देव्हाऱ्यातलं कुंकू ताटलीत कालवून तिनं त्यात पाय बुडवला होता. वर्षाच्या वेळापत्रकासाठी आखलेल्या चौकटींवर लालभडक पाऊल उमटलं होतं. शाळेच्या मेळाव्यात नव्या मुलांचं पाऊल असंच रंगात बुडवून कागदावर घेतात. शेजारची प्रांजल आपला कागद घरोघर दाखवून आली होती.

"हे काय केलंस?"

"बाईंना पाऊल दिलं. प्रांजलचं घेतलं, माझं कुणी मागितलंच न्हाई."

"अंकू, शाळेत सगळी मुलं चांगली नसतात. दादाला विचार."

ऋषिराज दाराला टेकून उभा होता. "मला... मला हसायची," तो म्हणाला. "ति... तिला कशाला हसतील? ती कुठं अडखळती?"

संयोगितानं कुंकवाची ताटली उचलली आणि तशीच हातात धरून राहिली. एका मुलाचं पाहून तिनं दुसरीचं ठरवलं होतं. कॉलेजात कुणी एका नमुन्यावरून असा निष्कर्ष काढून आणला असता, तर तिनं त्यावर काट मारली असती. आणि इथं अंकिताला तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

"मग तू एकटा पडशील," ती ऋषिराजला म्हणाली.

"मी आजीला शिकवीन."

"माझं झालं रं बाबा शिकून," बनुबाई म्हणाल्या. "लय झालं."

संयोगिता अंकितासमोर खाली बसली, पदरानं तिचा पाय पुसू लागली. "आणि कुणी हसलंच तर काय करशील?"

"मी पन हसंन. मग ते दमत्याल."

ऋषिराजलाच आधी हसू फुटलं.

"लिहा, बाई," संयोगिता पाय पुसता पुसता म्हणाली. "अंकिता उदयसिंह."

चहा घेऊन रेश्माबाई गेल्या. अंकिता प्रांजलला सांगायला पळाली. संयोगितानं नवा कार्डशीट पसरला, पट्टी ठेवली, पेन्सिल हातात घेतली आणि थांबली.

"ऋषी, तुला यंदा आधी काय शिकायचंय?"

हे त्याला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. तो जवळ येऊन बसला. ओठ हलले, शब्द अडकला, पुन्हा हलले. तो काय म्हणणार याचा तिला अंदाज होता, तिच्या तोंडात तो शब्दही आला होता. तो तिनं गिळला आणि त्याच्याकडे बघत राहिली.