हेराल्डमधला दुसरा आरसा

संदेशने आरशाच्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर टेकवला, अर्धा आटा फिरवला आणि पुन्हा काढून घेतला.

"अजून तेच?" अनघाताई म्हणाल्या. "पॉलिशवाला चारला येतोय. तोवर तो आरसा काढून ती भोकं बुजवायचीत ना?"

"बुजवतो की, ताई. पन आरसा लावलाय कशाला, ते तर कळू द्या."

उघड्या टपाची ही जुनी हेराल्ड गाडी दोन वर्षं परंदवडीच्या त्याच्या शेडमध्ये होती. संदेशने कुजलेला पत्रा बदलला, इंजिन आजच्या काळातलं घातलं, बटण दाबलं की टप मागे जाईल अशी मोटर बसवली. जुनं काढून नवं घालण्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. पण त्याच्या उस्तादाने एक खोड लावून ठेवली होती. उतरवलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची, तिच्यावर नाव आणि काम लिहायचं. काम कळल्याशिवाय काही फेकायचं नाही. दोन डबे भरून चिठ्ठ्या झाल्या होत्या. या एका आरशाचं घोडं अडलं होतं.

स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, दाराच्या कोपऱ्यात तो बसवलेला. तळहाताएवढा, घरी कापलेला, पितळी पट्टीवरचा. रस्ता त्यात दिसतच नव्हता. संदेशने वाकून पाहिलं, खाली उशी घेऊन पाहिलं. दिसायची ती फक्त ड्रायव्हरच्या मागची सीट. रस्ता सोडून मागच्या सीटवर नजर ठेवणारा हा शहाणा कोण, या विचाराने त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

"बाबांचं काहीतरी खूळ," अनघाताई म्हणाल्या. त्यांचे वडील कामशेतला भाताची गिरणी चालवायचे. ते जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून आईने गाडीला हात लावला नव्हता. भंगारात घाल म्हणायची. तिला एकदा तरी या गाडीतून पवना धरणाच्या बाजूला फिरवून आणायचं, म्हणून हा सगळा घाट. "पण ती बसेल असं वाटत नाही. दोघांना कधी धड बोलताना मी पाहिलं नाही."

त्यांच्या आई, हिराबाई, शेडच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, गाडीकडे पाठ करून. संदेश तडक त्यांच्यापुढे जाऊन उकिडवा बसला.

"मावशी, स्टिअरिंगपाशी तो बारका आरसा कशाला लावल्ता?"

हिराबाईंनी मान वळवली.

"हाय व्हय अजून?"

त्या उठल्या, हळूहळू गाडीपाशी आल्या. पितळी पट्टीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"सासूबाई पुडं बसायच्या. मी ह्यांच्या मागं. लग्नाला दोन म्हयनं झाल्तं. ह्यांनी मान वळवली की सासूबाई खोकायच्या. मग येक दिस ह्यो आरसा आला. सासूबाईंनी इचारलं, तर म्हनले, मागचं चाक दिसतं."

संदेशला हसू फुटलं. अनघाताई मात्र आईजवळ सरकल्या.

"बाबा तुझ्याकडे बघायचे?"

"पार वडगाव येईस्तवर."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? लाज न्हाई वाटत व्हय?" हिराबाई संदेशकडे वळल्या. "काढून टाक रं. बघनारा गेला आता."

एवढं बोलून त्यांनी दार उघडलं, ड्रायव्हरची सीट वाकवली आणि गुडघ्यावर हात रोवत मागे चढल्या.

"आई, पुढे बस ना. आता कोण अडवतंय?"

"असू दे. माजी जागा हितंच हाय."

संदेश स्क्रूड्रायव्हर धरून तसाच उभा राहिला. अनघाताई स्टिअरिंगवर बसल्या, इंजिन सुरू केलं. गाडी मात्र जागची हलेना. त्या उजवीकडे किंचित झुकून त्या बारक्या आरशात बघत राहिल्या.

"पुडं बघ की गं," हिराबाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.